देशी गाजर आणि केशरी गाजर : एकाच पिकाच्या दोन वाटा

माळरान

गाजर म्हटले की आजच्या मुलांच्या डोळ्यांसमोर केशरी रंग येतो. चित्रांच्या पुस्तकांत तेच, मॉलमधल्या थंड कपाटात तेच. त्यामुळे लाल, पिवळे, जांभळे गाजर हे कुणीतरी अलीकडे काढलेले नवे प्रकार असावेत, असा समज पसरत चालला आहे. इतिहास नेमका उलटा आहे. जांभळे आणि पिवळे गाजर आधीचे, केशरी बरेच नंतरचे; आणि आपल्याकडे हिवाळ्यात येणारे लाल गाजर हे केशरी गाजराचे कमअस्सल रूप नसून त्याच्या बरोबरीने चालत आलेली स्वतंत्र शाखा आहे. ही शाखा महाराष्ट्राच्या शेतांतून हळूहळू मागे सरते आहे, म्हणून हा धागा काढावासा वाटला.

रानगाजराचे मूळ पांढरे, करंगळीएवढे, चिवट आणि उग्र वासाचे असते. जिरे, ओवा, बडीशेप, कोथिंबीर यांच्याच कुळातले हे झाड असल्यामुळे माणसाने ते आधी जवळ केले ते बहुधा बियांसाठी. स्वित्झर्लंडमधल्या तळ्याकाठच्या अतिप्राचीन वस्त्यांच्या उत्खननांत गाजराच्या बिया सापडल्या आहेत. ग्रीक आणि रोमन ग्रंथांत या मुळाचे उल्लेख येतात. पण पार्सनिप नावाचे त्याचे पांढरे भावंड आणि गाजर यांची तिथे इतकी सरमिसळ आहे की कुठला उल्लेख कशाचा, हे पुष्कळदा ठरवता येत नाही.

मुळासाठी लावलेल्या गाजराची ठाम खूण सापडते ती आजच्या अफगाणिस्तान-इराणच्या पट्ट्यात, साधारण दहाव्या शतकात. ही गाजरे जांभळी आणि पिवळी होती. 2016 मध्ये गाजराचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि मध्य आशियाच या पिकाचे माहेर असल्याच्या मताला त्याने बळ दिले. तिथून अरबांच्या हातून गाजर पश्चिमेकडे गेले. बाराव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात दोन प्रकारच्या गाजरांचे वर्णन केले आहे : एक लालसर, रसाळ आणि चवदार, दुसरे पिवळट-हिरवट आणि जाडेभरडे. पूर्वेकडे तेराव्या-चौदाव्या शतकांत ते चीनमध्ये आणि सतराव्या शतकात जपानमध्ये पोचले. भारत तर अफगाणिस्तानच्या उंबऱ्यालाच लागून आहे.

केशरी गाजराला आजचे स्थिर रूप आले ते सोळाव्या-सतराव्या शतकांत, नेदरलँड्समध्ये. तिथल्या माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ‘लाँग ऑरेंज’ हा लांब आणि ‘हॉर्न’ हा आखूड असे प्रकार पक्के केले. हूर्न या डच गावावरून हॉर्न हे नाव पडले असे सांगतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिल्मोरिन घराण्याच्या बियाणे व्यवसायातून ‘नॅन्टेस’ हा बोथट टोकाचा, जवळजवळ गाभा नसलेला, गोड प्रकार जगभर गेला. ‘शाँतने’ आणि अमेरिकेतला ‘डॅनव्हर्स’ हे त्याच परंपरेतले. आज जगात जे केशरी गाजर विकले जाते त्याची वंशावळ या मूठभर डच वाणांपाशी येऊन थांबते.

रंगांचे गणित मुळात सोपे आहे. जांभळ्या आणि काळ्या गाजरात अँथोसायनिन असते, जे जांभळाच्या सालीतही असते. पिवळ्यात ल्युटीन, केशरीत अल्फा आणि बीटा कॅरोटीन, लालमध्ये टोमॅटोला लाल करणारे लायकोपीन, आणि पांढऱ्यात यांपैकी जवळजवळ काहीच नाही. जांभळे गाजर चिरून पाण्यात टाकले तर पाणी रंगते, लाल गाजराने तसे होत नाही. कारण अँथोसायनिन पाण्यात विरघळते आणि लायकोपीन तेलातुपात. घरच्या कढईतही हा फरक दिसतो. फोडणीत टाकलेल्या लाल गाजराचे तेल तांबूस होते, पातेल्यातले पाणी मात्र तसेच राहते.

रंगाहून मोठा फरक झाडाच्या आयुष्यक्रमात आहे, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. यूरोपीय केशरी गाजर हे दोन हंगामांचे झाड. पहिल्या वर्षी ते मूळ भरते आणि मग काही आठवडे कडक थंडी खाल्ल्याशिवाय त्याला फुलोरा येत नाही. त्यामुळे त्याचे बी धरायचे तर कुलू खोरे, काश्मीर अशा थंड प्रदेशांत जावे लागते. देशी लाल गाजर मैदानातल्या सौम्य थंडीवर भागवते, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच शेतात बी देते. म्हणजे देशी गाजराचे बी शेतकऱ्याला घरी धरता येते. केशरीचे बी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दर हंगामाला विकतच घ्यावे लागते. मला या सगळ्या विषयाचा गाभा इथे दिसतो.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने या दोन शाखांचा संकर करून ‘पुसा केसर’ हा वाण दिला. स्थानिक लाल गाजर आणि नॅन्टेस हे त्याचे आईबाप. रंग लाल, गाभा लहान आणि तोही रंगीत, आणि बी मैदानात धरणारे. पुढे पुसा केसर आणि नॅन्टेस यांच्याच संकरातून ‘पुसा मेघाली’ आला. त्याचा गर केशरी, पण बी मैदानात होते. गडद लाल ‘पुसा रुधिरा’ आणि काळा ‘पुसा असिता’ हे त्यानंतरचे. एवढी चांगली कामगिरी देशातच झालेली असताना आपल्या बाजारांतला देशी गाजराचा वाटा घटत जावा, याचे मला वाईट वाटते.

आपापल्या भागात कोणते गाजर लावतात, काय म्हणून विकतात, बी कुठून येते, हे जाणकारांनी जरूर लिहावे.

शिवारफेरी

धाग्याबद्दल आभार. आमच्या मराठवाड्यातल्या गावाकडे रब्बीत विहिरीच्या पाण्यावर वाफ्यांत गाजर असायचेच. ते दिल्लीच्या गाजरासारखे लालभडक नव्हते. वरून तांबूस-पिवळट, डोक्याला जाड, शेपटाकडे एकदम निमुळते, आत पिवळा दांडा. कच्चे खायला जरा राठ, पण उकडले की मऊ आणि गोड लागायचे. गाजराची पुंगी म्हणतात तसेच ते पीक होते. बाजारात गेले तर गेले, नाहीतर गुरांच्या गव्हाणीत. पाल्यासकट गाजर खाणाऱ्या म्हशीचे दूध वाढते, असे जुनी माणसे खात्रीने सांगत.

काळ्या जमिनीत गाजर पिकवणे हे कष्टाचे काम आहे. भारी माती वाळली की आवळते आणि मूळ खाली जायचे थांबते. ढेकूळ किंवा खडा आडवा आला की गाजराला दोन-तीन फाटे फुटतात, आणि फाटे फुटलेला माल व्यापारी बाजूला काढतो. कच्चे शेणखत घातले तरी तेच. म्हणून गाजराला खत द्यायचे ते आधीच्या पिकाला, आणि वाफा नांगरून, कुळवून अगदी भुसभुशीत करायचा. पाणी कधी जास्त, कधी कमी झाले की गाजर उभे तडकते. डोके उघडे पडले तर ऊन लागून हिरवे आणि कडवट होते, त्यामुळे मातीची भर द्यावी लागते.

मुळ्यासारखे हे लवकर उगवत नाही. बी पडल्यावर आठवडा ते तीन आठवडे लागतात, तोवर तणच पुढे जाते. गाजराच्या बीला बारीक लव असते आणि त्यामुळे बी एकमेकांत अडकते. माझी आजी ते तळहातांवर चोळून, पाखडून, मग वाळूत मिसळून फेकायची. रोप उपटून दुसरीकडे लावता येत नाही, मूळ वाकडे होते. त्यामुळे दाट उगवले तर विरळणीला पर्याय नाही.

इतका खटाटोप करून जो भाव मिळतो त्यात आमच्याकडची बहुतेक मंडळी सोयाबीन आणि हरभऱ्याकडे वळली. माळरान यांचे वाईट वाटणे मला समजते. पण शेतकऱ्याने वाण सोडला तो त्याची किंमत न कळल्यामुळे नव्हे, तर मजुरी आणि भाव यांचा मेळ न बसल्यामुळे, हेही नोंदवले पाहिजे.

ओंजळ

स्वयंपाकाच्या बाजूने थोडे लिहिते. हलव्याला लाल गाजरच हवे, हा हट्ट केवळ रंगासाठी नाही. लाल गाजरात पाणी अधिक असते, किस दुधात लवकर मिळून येतो आणि गोडवा आधीच असल्यामुळे साखर कमी लागते. केशरी गाजराचा किस बराच वेळ आटवला तरी चोथट राहतो आणि त्याला एक हिरवट वास येतो. मात्र लाल गाजर जून निघाले तर मधला पिवळा दांडा किसू नये. गाजर उभे चिरून सुरीच्या टोकाने तो सहज सुटतो. किसणीवर फिरवताना बाहेरचा गर संपून दांडा लागला की हाताला लगेच कळते; किसणी अडखळू लागते, किसाचे लांब तंतू निघेनासे होतात आणि भुगा पडायला लागतो. तिथे थांबायचे.

कोशिंबिरीला मात्र मला केशरी बरे वाटते, कारण त्याला पाणी सुटत नाही आणि दाण्याचे कूट घालून वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली तरी ते कुरकुरीत राहते.

संक्रांतीच्या सुगडांत ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या यांच्याबरोबर गाजर असते आणि आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत तर ते लागतेच. त्या दिवसांत शेतात जे तयार असते तेच सुगडात जाते. देशी गाजराचा हंगाम ऐन जानेवारीतला, म्हणूनच त्याला तिथे जागा मिळाली. आता वर्षभर केशरी गाजर मिळते आणि शहरात सुगडांत त्याचेच तुकडे पडतात. माझ्या घरी मी आजही भोगीला लाल गाजर शोधून आणते.

वाचनवेल

केशरी गाजराबद्दल एक गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. डच स्वातंत्र्ययुद्धाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याच्या सन्मानार्थ तिथल्या शेतकऱ्यांनी मुद्दाम केशरी गाजर तयार केले, असे सांगतात. हे कितपत खरे मानावे?

दुसरे म्हणजे, मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याबरोबर ‘गृंजन’ निषिद्ध सांगितले आहे आणि त्याचा अर्थ अनेक जण गाजर असा करतात. तसे असेल तर गाजर भारतात अफगाण मार्गाने येण्याच्या कितीतरी आधीपासून होते असे म्हणावे लागेल.

माळरान

वाचनवेल, विल्यमच्या गोष्टीला समकालीन पुरावा नाही. केशरी गाजर डच प्रदेशात वाढले, फुलले आणि तिथून जगभर गेले, एवढे खरे. नंतरच्या काळात राजघराण्याच्या रंगाशी त्याची सांगड घातली गेली असावी. तिथल्या माळ्यांनी केशरी रंग निवडला त्याचे कारण मला अधिक साधे वाटते. जांभळ्या गाजराने रस्सा आणि भांडी काळपट होतात, आणि केशरीची चवही सौम्य. पीटर आर्टसेन आणि योआखिम ब्यूकेलार या सोळाव्या शतकातल्या चित्रकारांनी बाजाराची जी मोठमोठी चित्रे रंगवली, त्यांत भाज्यांच्या ढिगांमध्ये वेगवेगळ्या रंगांची गाजरे एकत्र दिसतात. एका रात्रीत एक रंग येऊन बाकीचे गेले, असे झालेले नाही.

याहून कोड्यात टाकणारी गोष्ट व्हिएन्नाच्या ग्रंथालयात आहे. डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या वनौषधिग्रंथाची इसवी सन 512 च्या सुमाराची सचित्र हस्तलिखित प्रत तिथे जपलेली आहे आणि तिच्यात जाड, नारिंगी मुळाच्या गाजराचे स्वच्छ चित्र आहे. म्हणजे केशरी छटेची गाजरे डच माळ्यांच्या हजार वर्षे आधीही कुठेतरी उगवत होती. ती परंपरा पुढे सलग चालू राहिली की खंडित झाली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. 2023 मध्ये सहाशेहून अधिक गाजरांच्या जनुकसंचांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पांढऱ्या आणि पिवळ्या गाजरांच्या संकरातून, तीन जनुके एकाच वेळी निष्क्रिय असलेली झाडे निवडली गेल्यामुळे आजचे केशरी गाजर घडले, असा त्याचा निष्कर्ष आहे. अशी झाडे निसर्गात अधूनमधून आपोआप उगवू शकतात. त्यांना वेगळे काढून जपणारा माणूस भेटावा लागतो.

गृंजनाबाबत मी सावध राहीन. टीकाकार आणि कोशकार या शब्दाखाली लसणाच्या जातीचा कंद, सलगम, गाजर अशा निरनिराळ्या गोष्टी सांगतात. एवढ्या अस्थिर आधारावर पिकाचा काळ मागे नेणे मला योग्य वाटत नाही.

यमुनाकाठ

नोकरीनिमित्त दिल्लीत आहे, म्हणून उत्तरेकडचे सांगतो. मुंबई-पुण्याच्या मंडईत ज्याला ‘दिल्ली गाजर’ म्हणतात ते दिल्लीत पिकते असे नाही. पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि पश्चिम उत्तर प्रदेशातून तो माल येतो. राजस्थानात श्रीगंगानगरजवळ साधुवाली नावाचे गाव आहे. हिवाळ्यात तिथे कालव्याच्या काठावर गाजर धुण्याची यंत्रे ओळीने चालू असतात. मोठ्या जाळीदार पिंपात गाजर घालून पिंप फिरवतात, पाण्याच्या माऱ्याने माती आणि बारीक केसमुळे निघून जातात आणि चकचकीत लाल माल पोत्यांत भरला जातो. रेताड जमीन आणि कालव्याचे पाणी असल्यामुळे तिथले गाजर सरळ आणि लांब येते, शिवारफेरी यांनी लिहिलेला फाट्यांचा त्रास तिथे कमी.

काळ्या गाजराचा उल्लेख आला आहे, तर त्याची कांजी इथे घरोघरी होते. गाजराच्या उभ्या फोडी, मोहरीची भरड, मीठ, तिखट आणि पाणी काचेच्या बरणीत भरून ती काही दिवस उन्हात ठेवतात. पाणी जांभळे होते आणि आंबते. थंडी सरता सरता, होळीच्या सुमारास ती पितात. गंमत म्हणजे तुर्कस्तानात अदाना शहराच्या आसपास काळ्या गाजराचेच असे आंबवलेले पेय लोकप्रिय आहे, त्याला शालगाम म्हणतात. मध्य आशियातून दोन दिशांना गेलेल्या जांभळ्या गाजराने दोन्हीकडे जवळजवळ एकच पाककृती धरून ठेवली. तिकडे पूर्वेला, जपानमध्ये, किंतोकी नावाचे लाल लायकोपीनयुक्त गाजर नववर्षाच्या जेवणात मानाने असते. म्हणजे आपल्या सुगडातल्या गाजराचे ते लांबचे नातलग.

पालवी

माझा प्रश्न आरोग्याचा आहे. गाजराने दृष्टी सुधारते म्हणून मुलांना रोज गाजर देतो. लाल दिले काय आणि केशरी दिले काय, फरक पडतो का? आणि चष्म्याचा नंबर खरेच कमी होतो का?

रसायनी

पालवी, फरक पडतो. शरीर जीवनसत्त्व अ तयार करते ते बीटा आणि अल्फा कॅरोटीनपासून. लायकोपीन आणि ल्युटीन यांपासून ते तयार होत नाही. लाल देशी गाजरातही काही प्रमाणात बीटा कॅरोटीन असते, पण चांगल्या केशरी गाजरात ते बरेच अधिक. त्यामुळे केवळ जीवनसत्त्व अ एवढाच निकष लावला तर केशरी गाजर सरस ठरते, आणि देशी गाजराची बाजू घेतानाही हे मान्य केले पाहिजे. कॅरोटीन हे द्रव्य वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1831 मध्ये गाजरातून प्रथम वेगळे केले होते.

कॅरोटीन स्निग्ध पदार्थांत विरघळते, म्हणून कच्च्या कोरड्या गाजरापेक्षा शिजवलेल्या आणि तेलातुपाची साथ असलेल्या गाजरातून ते अधिक शोषले जाते. ओंजळ यांच्या कोशिंबिरीवरची फोडणी म्हणूनच शहाणपणाची आहे.

चष्म्याचा नंबर गाजराने जात नाही. जीवनसत्त्व अ कमी पडल्यामुळे रातांधळेपणा आला असेल, तर तो भरून निघतो. पोषण मुळात पुरेसे असेल तर अधिक गाजरे खाऊन नजर अधिक तीक्ष्ण होत नाही. तसा समज पसरायला दुसरे महायुद्ध पुष्कळ कारणीभूत आहे. जॉन कनिंगहॅम नावाचा ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या अंधारात जर्मन विमाने पाडत असे. त्याच्या विमानात बसवलेली रडार यंत्रणा गुप्त ठेवायची होती, आणि आमचे वैमानिक गाजर खातात असे वृत्तपत्रांत छापून येत होते. त्याच वेळी ब्रिटनच्या अन्न मंत्रालयाला रेशनच्या दिवसांत मुबलक असलेले गाजर लोकांच्या पानात जावे असे वाटत होते, त्यामुळे या गोष्टीला भरपूर खतपाणी मिळाले.

मुलांना रोज फार गाजर दिले तर तळहात आणि नाकाचा शेंडा पिवळट दिसू लागतो. ती कावीळ नव्हे, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो. प्रमाण कमी केले की रंग उतरतो.

घाटमाथा

महाबळेश्वर-पाचगणीच्या गाजरांचा उल्लेख राहिला. ती लांब, सडपातळ, केशरी गाजरे पाल्यासकट जुड्या बांधून रस्त्याच्या कडेला विकायला असतात, शेजारी लाल मुळे आणि स्ट्रॉबेरी. थंड हवा आणि निचऱ्याची तांबडी माती यांमुळे तिथे केशरी गाजर छान येते. गाजराला रंग भरायला पंधरा ते वीस अंश तापमान लागते आणि उष्मा वाढला की रंग फिका पडतो. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरला चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता आणि त्या कैद्यांच्या हातून तिथल्या भाजीपाल्याच्या मळ्यांना वळण लागले, असा इतिहास सांगितला जातो. वर्षभर शहरांत दिसणारे जाडसर केशरी गाजर मात्र बरेचसे निलगिरीकडचे, ‘ऊटी गाजर’ या नावाने येते.

शिवारफेरी किंवा माळरान, कुणीतरी हे सांगा : देशी गाजराचे बी घरी धरायचे असेल तर नेमके काय करावे?

शिवारफेरी

घाटमाथा, आमच्याकडे जसे करत तसे लिहितो. जानेवारीत गाजर काढताना सरळ, न तडकलेली, फाटे नसलेली, चांगल्या रंगाची गाजरे बाजूला काढायची. एक-दोन गाजरांवर बी धरू नये; पुढच्या पिढ्यांत पीक खुरटत जाते, म्हणून निदान पन्नास तरी हवीत. प्रत्येकाचा खालचा तिसरा हिस्सा कापायचा. त्यात दुहेरी फायदा आहे : आतला दांडा किती जाड आणि कोणत्या रंगाचा आहे ते दिसते, आणि पिवळा जाड दांडा निघाला तर ते गाजर स्वयंपाकघरात पाठवता येते. पाला चार बोटे ठेवून छाटायचा आणि वरचा भाग डोक्यापर्यंत मातीत पुन्हा लावून पाणी द्यायचे.

महिन्याभरात मधून फुलांचा दांडा वर चढतो आणि पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात. परागीकरण मधमाश्या करतात, म्हणून त्या दिवसांत तिथे फवारणी टाळावी, आणि आसपास किलोमीटरभरात दुसऱ्या जातीचे गाजर फुलोऱ्यात नसावे. मधल्या, सर्वांत आधी फुललेल्या छत्रीचे बी सर्वांत भरदार असते. छत्री तपकिरी होऊन आत मिटू लागली की कापायची, सावलीत वाळवायची आणि हाताने चोळायची. बाजूच्या फांद्यांवरचे उशिरा पिकलेले बी हलके असते, ते वेगळे ठेवावे.

माळरान

शिवारफेरी यांनी लिहिलेली खालचा हिस्सा कापून गाभा पाहण्याची रीत म्हणजे वाण सुधारण्याचीच रीत आहे. दर वर्षी पिवळ्या दांड्याची गाजरे बाजूला काढत गेले, तर काही पिढ्यांत गाभा लहान आणि रंगीत होत जातो. ज्यांना केशरी गरच हवा आहे, पण बी घरी धरायचे आहे, त्यांनी पुसा मेघालीपासून सुरुवात करावी. लालसाठी पुसा केसर किंवा पुसा रुधिरा. पेरणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात. मराठवाड्यातले ते तांबूस-पिवळट गाजर कुणाच्या घरी अजून धरले जात असेल तर कृपया इथे कळवावे. त्या बियाची मला मनापासून गरज आहे.